पितळी, हिंडालियम की बीड? नव्या स्वयंपाकघरात कुठलं भांडं ठेवावं

प्रश्न असा आलाय : "काका, माहेर खानापूर, सासर बेळगावात शहापूरला. आता आम्ही अनगोळला वेगळं घर केलंय. आईनं रुखवतात हिंडालियमची पातेली आणि कढई दिली. सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंची पितळी पातेली आणि तांब्याचा हंडा दिला. नवऱ्यानं नॉनस्टिकचा सेट आणला. मोबाईल उघडला की रोज एकेका भांड्यात विष निघतं. घरात सात महिन्यांची मुलगी आहे, आणि सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे, ते बरेचदा आमच्याकडेच असतात. काय ठेवू, काय मोडीत घालू? नवीन घ्यायचं तर आधी काय घेऊ?"

ताई, सगळ्या भांड्यांची नावं बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी लक्षात घेतो : सात महिन्यांची मुलगी आणि सासऱ्यांची किडनी. या दोघांमुळं उत्तर बदलतं. घरात फक्त तुम्ही दोघं असता तर यातली निम्मी काळजी सोडून द्या म्हणालो असतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाउंड्रीत तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक लॅबमध्ये. भट्टीतला रस ओतण्याआधी त्याचा नमुना घ्यायचा, त्यात काय किती आहे ते बघायचं आणि ओता किंवा थांबा म्हणून सांगायचं, हे माझं काम. त्यामुळं धातूच्या रंगावर, चकाकीवर, दुकानदाराच्या शपथेवर माझा विश्वास बसत नाही. धातू कुठून आला आणि त्यात काय मिसळलंय, हे मी आधी विचारतो. भांड्यांच्या बाबतीत लोक नेमकं हेच विचारत नाहीत. "अॅल्युमिनियम वाईट का?" असं विचारतात. "हे अॅल्युमिनियम कशाचं आहे?" असं कुणी विचारत नाही.

आमच्या आजीकडं एक शब्द होता : कळकणं. ताक पितळीत राहिलं की ते कळकायचं, चव तुरट व्हायची, कडेला हिरवट रेघ दिसायची. शेजारच्या कन्नड आजी त्या हिरव्या थराला किलुबु म्हणायच्या. दोन्ही भाषांत शब्द होता, कारण दोन्हीकडं पितळी होती आणि दोन्हीकडं ताक होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजोळी, निपाणीकडच्या एका खेड्यात, बारशाच्या जेवणाला कढी केली होती. मोठं पितळी पातेलं, कल्हई जागोजाग उडालेली. कढी सकाळी झाली, पंगती दुपारी तीनला उठल्या. शेवटच्या पंगतीतले आम्ही पोरं तासाभरात ओकायला लागलो. पहिल्या पंगतीला काही झालं नाही, कारण तोवर कढी त्या पातेल्यात तासभरच होती. आजीनं पातेल्यात बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "कळकली."

या एका प्रसंगात भांड्यांचं सगळं शास्त्र आलं. पदार्थ आंबट किंवा खारट असला, तो बराच वेळ भांड्यात राहिला आणि गरम असला की धातू थोडा थोडा अन्नात उतरतो. हे पितळेचं होतं, अॅल्युमिनियमचं होतं, लोखंडाचं होतं, स्टीलचंही थोडं होतं. फरक उतरणारा धातू कुठला आणि शरीर त्याचं काय करतं, यात आहे. लोखंड थोडं उतरलं तर बहुतेकांच्या फायद्याचंच आहे. तांबं थोडं लागतं, जास्त झालं की उलटी आणि पोटात कळ. अॅल्युमिनियम शरीराला लागत नाही, पण निरोगी किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. आणि शिसं... शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात, आणि ते त्यांच्या वाढत्या मेंदूला बाधतं.

म्हणून सुरुवात तुमच्या आईनं दिलेल्या हिंडालियमपासून करतो, ते अॅल्युमिनियमचंच भावंडं. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे, आणि कारण मोबाईलवर सांगतात त्याहून वेगळं आहे.

अॅल्युमिनियमनं विसरभोळेपणाचा आजार होतो, ही भीती फार पसरली आहे. तिचं एक मूळ असं की १९७०च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांच्या मेंदूवर गंभीर परिणाम झाले आणि डायलिसिसच्या पाण्यातलं अॅल्युमिनियम हे त्याचं कारण निघालं. पण तिथं ते थेट रक्तात जात होतं आणि बाहेर काढायला किडनी नव्हती. पातेल्यातल्या भातानं अल्झायमर होतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००८ साली आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागं १ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला आठवड्याला ६० मिलिग्रॅम. शुद्ध अॅल्युमिनियमच्या कढईत शिरा केला, पोहे परतले, पाणी तापवलं तर या मर्यादेची फार चिंता नको. चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचं सार, आमसुलाची कढी, अंबाडीची भाजी मात्र त्यात करू नका. आपल्याकडं अंबाडी घरोघरी होते, शेजारचे कन्नड लोक तिला पुंडी म्हणतात. एवढी आंबट भाजी अॅल्युमिनियममध्ये शिजवून रात्रभर तशीच ठेवायची, हे मी माझ्या घरात होऊ देत नाही. सासऱ्यांच्या किडनीचं काम मंदावलं असेल तर त्यांच्या जेवणापुरतं तरी अॅल्युमिनियम पूर्ण बंद ठेवा. त्यांच्या बाबतीत ती भीती खरी आहे.

पण हे झालं शुद्ध अॅल्युमिनियमचं. हिंडालियम म्हणजे अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, आणि आज बाजारात त्या नावाखाली काय विकलं जातं याला धरबंध नाही. मोठ्या कारखान्याचं, नीट तपासलेल्या धातूचं भांडं असेल तर ठीक. पण स्वस्त ओतीव कढई बरेचदा भंगारातून येते : मोटारीचे जुने भाग, रेडिएटर, तारा, पत्रे, जे मिळेल ते एका मुशीत. त्यातल्या काही मिश्रधातूंत शिसं मुद्दाम घातलेलं असतं, कारण शिसं असलं की तो धातू लेथवर छान कापला जातो. यंत्राच्या नटबोल्टसाठी ते योग्यच आहे, आमटीसाठी नाही.

एकदा लॅबमधल्या एका सहकाऱ्यानं कान तुटलेली कढई आणली. आठवडी बाजारात वजनावर घेतलेली, पांढरीशुभ्र, हातात हलकी. आम्ही तिचा एक तुकडा कापला, एक बाजू घासून सपाट केली आणि स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राच्या, टेबलावर पालथा ठेवला. आत ठिणगी उडते, करकर असा आवाज येतो, तुकडा उचलला की काळ्या कडेचा बारीक डाग दिसतो. पडद्यावर आकडे आले. सिलिकॉन, तांबं, जस्त, आणि शिशाच्या रकान्यात नगण्य म्हणून सोडून देता येणार नाही असा आकडा. तुकडा पुन्हा घासून तीन वेळा ठिणगी मारली, तिन्ही वेळा शिसं आलं. सहकारी काही बोलला नाही. त्याच्या घरी तेव्हा दोन वर्षांचा मुलगा होता. बाहेरून ती कढई आणि चांगली कढई यात मलाही फरक दिसला नसता, हे मी आजही विसरलेलो नाही.

ही एका कढईची गोष्ट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं आयात केलेल्या अॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं, असा जाहीर इशारा दिला. त्यात हिंडालियम हे नाव घेऊन लिहिलं होतं. आपल्याकडं केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६, अॅल्युमिनियमचं आयएस १६६०. भांड्यावर किंवा खोक्यावर हा आकडा, आयएसआयची खूण आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप आहे, त्यात तो क्रमांक घातला की परवाना कुणाचा आणि तो चालू आहे का, ते कळतं. दुकानात उभं राहूनच तपासा. रविवार पेठेतल्या किंवा खडे बाजारातल्या दुकानदाराला यात वाईट वाटायचं कारण नाही.

तुमच्या कढईवर असं काही नसेल, कोणी ओतली माहीत नसेल, तर आईचं मन राखून ती माळ्यावर ठेवा किंवा मोडीत घाला. पण सात महिन्यांच्या मुलीची नाचणीची पेज तिच्यात शिजवू नका. एवढं एक जरी ऐकलंत तरी हे सगळं लिहिल्याचं सार्थक झालं.

आता सासूबाईंची पितळी. हा ठेवा आहे, मोडीत घालू नका. पण मुलीचं दूध त्यात तापवायचं नाही, ठेवायचंही नाही. यामागं आपल्याच बाजूचा मोठा इतिहास आहे. पूर्वी आपल्याकडं तान्ह्या मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा, पोट फुगायचं, कावीळ व्हायची, बहुतेक मुलं दगावायची. त्या यकृतांत तांबं प्रचंड साठलेलं असायचं. पुण्यातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९८०च्या दशकात घरोघरची माहिती काढली, तेव्हा दिसलं की या मुलांना लहानपणापासून पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं दूध पाजलं जात होतं. दूध तांबं ओढून घेतं, आणि तान्ह्या बाळाला ते बाहेर टाकता येत नाही. काही मुलांच्या शरीराची मुळातली ठेवणही त्याला कारण असावी. पण दुधाची भांडी बदलली आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. तेव्हा "आमची सगळी पोरं पितळीतल्या दुधावर वाढली" असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. फक्त दूध स्टीलच्या पातेल्यात तापवा.

मोठ्यांसाठी पितळीत भात, खीर, पुरणाची डाळ करायला हरकत नाही, पण कल्हई हवीच. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नासाठी अयोग्य धरलं होतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडं भात्याच्या निखाऱ्यावर तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, नाकात झणझणतं, मग कथलाची कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात फिरवतात. पिवळ्यावर रुपेरी रंग धावत जातो तो क्षण ज्यानं बघितलाय तो विसरत नाही. मला अजून तो वास आला की पाय थांबतात.

पण कल्हईवाल्याकडची कांडी बघून घ्या. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि झाळकाम करणाऱ्यांच्या कांडीत दोन्ही मिसळलेलं असतं. दोन साध्या खुणा सांगतो. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतून कर्र-कर्र आवाज येतो, धातूशास्त्रात त्याला कथलाचं रडणं म्हणतात. शिशाचा भर असेल तर कांडी मुकाट वाकते. आणि पांढऱ्या कागदावर घासली तर शिसं पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडतं. या खुणांनी भरपूर भेसळ पकडता येते, थोडी पकडता येणार नाही. म्हणून ओळखीचा, पिढीजात काम करणारा माणूस असेल तरच कल्हई करून घ्या. नसेल तर पितळी भांडी पाणी, धान्य, पूजेसाठी वापरा.

अजून एक. कथील २३२ अंशांना वितळतं. कल्हईच्या भांड्यात कोरडं काही भाजू नका, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घाला. घासायला तारेची घासणी नको, राख किंवा मऊ कापड पुरे. आतून लाल-पिवळं दिसायला लागलं की समजा कल्हई संपली.

तांब्याच्या हंड्यातलं साधं पाणी मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि स्वच्छ हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सहसा त्याच्या आत राहतं. त्यात लिंबू पिळू नका, ताक-सरबत ठेवू नका. मुलीला त्यातलं पाणी देऊ नका, आणि तिच्या पेजेसाठीही वापरू नका.

काशाची ताट-वाटी असेल तर जेवायला छान. काशात तांबं आणि कथील असतं, ते पितळेपेक्षा कमी कळकतं. तरी लोणचं-दही त्यात साठवायचं नाही.

स्टीलबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण रोजच्या शिजवण्यासाठी तेच सगळ्यात बिनघोर आहे. फक्त दोन गैरसमज काढतो. पहिला लोहचुंबकाचा. चुंबक चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील, असं दुकानात सांगतात. ३०४ नावाच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पण २०२ नावाच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. २०२ काही विष नाही, पण मीठ आणि आंबट लागून ते लवकर टिपके धरतं. उलट इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे. म्हणजे चुंबकानं काही ठरत नाही, छाप आणि परवाना बघा. बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलेली पातेली डाळ-तांदूळ भरायला ठेवा, आंबट शिजवायला नको.

दुसरा गैरसमज, स्टीलमधून काहीच उतरत नाही. उतरतं, विशेषतः नव्यातून. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोमॅटोचा रस्सा पुन्हा पुन्हा स्टीलमध्ये शिजवला, तेव्हा निकेल आणि क्रोमियम सुरुवातीला जास्त उतरलं आणि साधारण सहाव्या वेळेनंतर बरंच कमी होऊन स्थिर झालं. म्हणून माझ्या घरी नवं पातेलं आलं की त्यात चिंचेचं पाणी दोन-तीनदा उकळून फेकून देतात, मगच वापरतात. कुणाला नकली दागिन्यानं अंगावर खाज उठत असेल, म्हणजे निकेलची अॅलर्जी असेल, तर त्यांच्यासाठी हे जरूर करा. मीठ नेहमी पाण्याला उकळी फुटल्यावर घाला. थंड पाण्यात खडे मीठ बुडाशी बसलं की तिथंच बारीक खड्डे पडतात. बाहेरून तांब्याचं बूड असलेलं स्टील असेल तर घाबरू नका, अन्नाला तांबं लागतच नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, बीड. तुम्ही विचारलंही नाही, पण मी उद्यमबागेचा माणूस, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बिडात लोखंड, तीन-साडेतीन टक्के कार्बन, दोनेक टक्के सिलिकॉन, आणि थोडं मँगनीज वगैरे असतं. शिशाच्या बाबतीत बिडाची एक जमेची बाजू आहे, ती फाउंड्रीबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. बिडात ०.०१ टक्क्याहून कमी शिसं शिरलं तरी आतल्या ग्राफाइटच्या पाकळ्या वेड्यावाकड्या होतात आणि ओतीव काम ठिसूळ निघतं. म्हणून चांगली फाउंड्री भंगारातलं शिसं स्वतःच्या फायद्यासाठीच डोळ्यांत तेल घालून टाळते. तुमच्या आरोग्याची राखण तिथं त्यांच्या धंद्याच्या गरजेतूनच होते.

बिडाचा तवा आणि आप्पेपात्र घ्या. ज्वारीची भाकरी, आंबोळी, घावन, मासे, सगळं होतं. नव्या तव्यावर काळा चकचकीत थर असेल तर नखानं खरवडा आणि थोडा तापवा. रंगाचा वास आला तर परत करा. साधा करडा तवा असेल तर गंज धरू नये म्हणून त्यावर तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असतो. गरम पाणी आणि साबणानं एकदाच खसखसून धुवा, लगेच मंद आचेवर कोरडा करा. मग तेलाचे दोन थेंब फडक्यानं पसरा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं असे पुसा की सगळं तेल काढून टाकलंय असं वाटावं. आता धूर निघेपर्यंत तापवा, थंड होऊ द्या, पुन्हा तेच. चार-पाच वेळा. तेल जवसाचं किंवा करडईचं असेल तर उत्तम, कारण ही तेलं तापून घट्ट पापुद्रा धरतात. शेंगतेलानंही होतं, वेळ जास्त लागतो. बहुतेक जण तेल जास्त लावतात, मग तवा चिकट होतो आणि बिडाला नावं ठेवतात. पहिल्या आठवड्यात कांद्याची चकती सुरीला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवा, आई हेच करत आली असेल.

तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतू नका, बीड तडकतं. भाकरीला हातानं पाणी लावता ते चालतं.

बिडात किंवा लोखंडी कढईत वांग्याची भाजी काळपट होते, ती लोखंड आणि वांग्यातल्या तुरट द्रव्यांची क्रिया आहे, विष नाही. अंबाडी-चिंच मात्र तिथंही नको, चव लोखंडी होते आणि तव्याचा तेलाचा थर निघून जातो. अंगात रक्त कमी असेल तर लोखंडी कढईतल्या पालेभाजीनं थोडं लोह मिळतं, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नका. आणि घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा अंगात लोह साठण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घिसाडी लोक विकतात ती घडीव लोखंडी पळी आणि कढईही चांगली असते, फक्त आधी घासून तेल मुरवून घ्या.

नॉनस्टिकचा सेट फेकू नका, पण जपून वापरा. त्यावरचा थर टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. त्याचा बारीक पापुद्रा पोटात गेला तर तो न पचता बाहेर पडतो. धोका उष्णतेचा आहे. साधारण २६० अंशांच्या वर तो बिघडायला लागतो आणि ३५० च्या पुढं निघणारी वाफ माणसाला ताप-खोकला आणते. पिंजऱ्यातला पोपट तर दगावतो. मोठ्या गॅसवर रिकामं पॅन ठेवून कांदा चिरायला गेलं की एवढं तापायला काही मिनिटंच लागतात. ज्याची सर्वांत जास्त बदनामी झाली ते रसायन पीएफओए, हा थर तयार करताना वापरलं जायचं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कर्करोग आणणाऱ्यांच्या यादीत घातलं. म्हणून नवं घेताना पीएफओए नसल्याचं लिहिलंय का ते बघा. पण माझं मत विचाराल तर हे पॅन थर उडेपर्यंत मंद आचेवर, लाकडी उलथन्यानं वापरा, नंतर पुन्हा घेऊ नका. तोवर तुमचा बिडाचा तवा तयार झालेला असेल.

माहेर खानापूर म्हटल्यावर मातीच्या भांड्यांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था तुमच्याच गावात आहे. आतून-बाहेरून साधं, झिलई न केलेलं मडकं आंबटाला उत्तम. अंबाडी, आमसुलाचं सार, माशाचं कालवण त्यात करा. रंगीत, चकचकीत झिलईचं मात्र शिजवायला घेऊ नका, काही झिलईत शिसं असतं आणि ते आंबटात उतरतं. पावसाळ्यात मडकं नीट वाळत नाही आणि आतून बुरशी धरतं. चुलीच्या उबेला उपडं ठेवायची सोय नसेल तर जूनमध्ये गुंडाळून ठेवा, दिवाळीला काढा.

प्रेशर कुकर अॅल्युमिनियमचा असेल तर लगेच बदलायची गरज नाही. आतले डबे स्टीलचे वापरा म्हणजे वरण-भात अॅल्युमिनियमला लागतच नाही, आणि चिंच-आमसूल कुकर उघडल्यावर घाला. आतून काळा पडला म्हणून चिंच-लिंबानं लखलखीत घासू नका. त्यानं धातूवरचा संरक्षक थर निघतो आणि पुढच्या स्वयंपाकात अॅल्युमिनियम जास्त उतरतं. खाण्याचा सोडा घालून उकळण्यानंही तेच होतं. नव्या कुकरमध्ये नुसतं पाणी दोन-तीनदा उकळा, तो करडा थर तुमच्या फायद्याचा आहे.

गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, मेलामाइनच्या ताटल्या मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. यापलीकडं त्यावर लिहिण्यासारखं नाही.

आता खरेदीचा क्रम. पहिल्यांदा मुलीसाठी झाकणाचं एक लहान, जाड बुडाचं, आयएसआय छापाचं स्टीलचं पातेलं. त्यात फक्त तिचं दूध आणि पेज. नंतर आंबटाच्या आमटीसाठी एक मोठं स्टीलचं पातेलं, सासऱ्यांचं जेवणही त्यातच होईल. मग बिडाचा तवा. कढई सगळ्यात शेवटी, पैसे साठले की. तीन थरांची स्टीलची घेतलीत तर मधला अॅल्युमिनियमचा थर आतच बंद असतो, अन्नाला लागत नाही, आणि दिवाळीला कुंदा आटवायला तिच्यासारखी कढई नाही. तोवर घिसाड्याकडची लोखंडी चालेल. हळद मात्र सुटी, भडक पिवळी घेऊ नका. रंग चढवायला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळलेली हळद सापडलेली आहे, आणि ती पेजेत पडली तर भांडं बदलून काही उपयोग नाही. शक्य असेल तर सांगलीकडून हळकुंडं आणा आणि घरी कुटा.

आईच्या कढईवर काही छाप सापडला तर त्याचा फोटो आणि परवाना क्रमांक पाठवा, मी बघून सांगतो. आणि पावसाळ्यात तव्याला गंज आला तर टाकू नका. मीठ आणि बटाट्याच्या अर्ध्या कापानं घासा, धुवा, गॅसवर कोरडा करा, पुन्हा तेलाचा हात द्या.